पाला, काटा आणि उधारी

चहा म्हटला की आपल्यासमोर मळा उभा राहतो. आसामचा असो, दार्जिलिंगचा असो की श्रीलंकेचा, चित्र एकच असते. शेकडो एकरांचा एक मालक, साहेबाचा बंगला, मजुरांच्या चाळी आणि मधोमध कारखाना. केनियाने हे चित्र मोडले. काळा चहा निर्यात करण्यात आज जगात पहिला क्रमांक केनियाचा आहे, आणि त्या देशात पिकणाऱ्या चहापैकी साठ टक्क्यांच्या आसपास चहा सहा लाखांहून अधिक लहान शेतकरी पिकवतात. त्यांतल्या बहुतेकांच्या चहाचे क्षेत्र एकराच्या आतबाहेर आहे. इतक्या लहान तुकड्यांवरच्या शेतकऱ्यांनी कलमी झाडे, बारीक खुडणी, ठरावीक छाटणी आणि रासायनिक खत हे सारे दोन पिढ्यांत आपलेसे केले. याचे श्रेय सहसा शेतकऱ्याच्या ‘प्रगतिशीलते’ला किंवा कृषी खात्याच्या प्रचाराला दिले जाते, आणि एखादे तंत्र रुजले नाही की बोल शेतकऱ्याच्या अडाणीपणाला लावला जातो. केनियातल्या लहान शेतकऱ्यांच्या चहाचा सत्तर वर्षांचा इतिहास ही दोन्ही स्पष्टीकरणे खोटी पाडतो. तिथल्या शेतकऱ्याने प्रत्येक नव्या तंत्राला दोनच प्रश्न विचारले. पीक हाती येईपर्यंतची वाट कोणाच्या खर्चाने पाहायची, आणि वाढीव उत्पन्न कोणाच्या काट्यावर मोजले जाणार? ज्या तंत्राला या प्रश्नांचे समाधानकारक उत्तर मिळाले ते रुजले. बाकीची तंत्रे कितीही चांगली असली तरी बांधावरच राहिली.

या कथेची सुरुवात मनाईपासून होते. भारतातून आलेला चहा केनियात १९०३ साली लिमुरू येथे एका गोऱ्या वसाहतवाल्याने लावला. १९२०च्या दशकाच्या मध्यावर मोठ्या ब्रिटिश कंपन्या केरिचोच्या थंड, पावसाळी डोंगरउतारांवर उतरल्या आणि चहा हे भांडवलवाल्यांचे पीक ठरून गेले. आफ्रिकी शेतकऱ्याला ते लावण्याची मुभा नव्हती. कारणे अनेक सांगितली जात. रोगराई पसरेल, पाला चोरीला जाईल, हलक्या मालाने केनियाच्या चहाचे नाव बद्दू होईल. न सांगितलेले कारण असे की ज्याच्या स्वतःच्या शेतात नगदी पीक आहे तो मळ्यावर मजुरीला येत नाही. त्यात १९३३ साली भारत, सिलोन आणि डच ईस्ट इंडीज यांनी भाव सावरण्यासाठी निर्यात मर्यादित ठेवण्याचा करार केला, आणि पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतींनीही नव्या लागवडीला आळा घातला. मर्यादित लागवडीचा हिस्सा साहजिकच आधीपासून बसलेल्यांना मिळाला. म्हणजे १९५०पर्यंत आफ्रिकी शेतकरी चहा पिकवत नव्हता यात त्याच्या वृत्तीचा काही संबंध नव्हता. मळ्यात मजुरी करून हजारो लोक खुडणी आणि छाटणी शिकले होते. हात तयार होते, परवाना नव्हता.

परवाना मिळाला तो भीतीपोटी. १९५२ साली ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ उठावामुळे वसाहत सरकारने आणीबाणी पुकारली, आणि १९५४ साली कृषी खात्यातले अधिकारी रॉजर स्विनर्टन यांनी आफ्रिकी शेतीच्या विकासाची योजना मांडली. विखुरलेल्या जमिनी एकत्र करायच्या, त्यांचे मालकीहक्काचे कागद द्यायचे आणि कॉफी, चहा यांसारखी नगदी पिके आफ्रिकी शेतकऱ्याला मोकळी करायची, असा तिचा गाभा होता. हातात जमीन आणि खिशात पैसा असलेला वर्ग बंडात उतरणार नाही, हा त्यामागचा हिशेब उघड होता. १९५७ साली न्येरी जिल्ह्यात रागाती येथे लहान शेतकऱ्यांच्या पाल्यावर चालणारा पहिला कारखाना उभा राहिला. १९६० साली यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले आणि स्वातंत्र्यानंतर लगेच, १९६४ साली, त्याच्या जागी ‘केनिया चहा विकास प्राधिकरण’ आले. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्याला केटीडीए म्हणतात. कारखाना आणि लागवड बरोबरीने वाढणे महत्त्वाचे होते. खुडलेला पाला गोणीत दाबून ठेवला तर काही तासांत तापतो, लालसर पडतो आणि निकामी होतो. तुटलेल्या उसाला जशी गाळपाची घाई, त्याहून मोठी घाई पाल्याला असते. म्हणून चहाच्या पट्ट्यातले कच्चे रस्ते सुधारणे हेही योजनेचेच काम ठरले. जागतिक बँक आणि ब्रिटनचे वसाहत विकास महामंडळ यांची कर्जे शेतकऱ्याच्या दारी थेट पोचली नाहीत. ती रस्त्यात, ट्रकांत, कारखान्यांत आणि रोपवाटिकांत गेली. शेतकऱ्याला एकट्याने पेलता आला नसता तो खर्च आधी दुसऱ्या कोणी उचलला.

खुडणीचे उदाहरण घेतले की ही व्यवस्था कशी चालत होती ते दिसते. चांगल्या चहासाठी कोंबाच्या टोकाची दोन पाने आणि एक कळी एवढेच खुडायचे असते. तिसरे-चौथे जून पान घेतले तर टोपली लवकर भरते, पण चहा भरड होतो. एक किलो तयार चहाला साधारण साडेचार किलो हिरवा पाला लागतो, म्हणजे वजनावर पैसे मिळत असतील तर जून पान तोडण्याचा मोह प्रत्येक फेरीला असतो. तरीही केनियातल्या लहान शेतकऱ्याने बारीक खुडणी अंगवळणी पाडली. वाड्या-वस्त्यांच्या मधोमध पाला खरेदीची केंद्रे होती. छपराखालच्या ओट्यावर शेतकऱ्याने आपली टोपली रिकामी करायची, जून पाने आणि काड्या स्वतः निवडून बाजूला काढायच्या, तपासनिसाने हात फिरवून पाहायचे, आणि मगच पाला काट्यावर चढायचा. नापसंत पाला परत घरी. पण या कडकपणाला एक जोड होती. पाला घातला की दर महिन्याला ठरलेल्या दराने पैसे मिळत, आणि वर्षअखेर कारखान्याचा चहा ज्या भावाने विकला गेला त्याप्रमाणे दुसरा हप्ता मिळे. त्याला तिकडेही ‘बोनस’च म्हणतात. चांगल्या कारखान्याचा बोनस मोठा, हलक्या कारखान्याचा लहान. शेजाऱ्याच्या भरड पाल्याने आपला बोनस बुडतो हे एकदा कळल्यावर तपासनिसाइतकेच शेजारीही लक्ष ठेवू लागले. लहान शेतकऱ्याच्या हातून हलकाच माल येईल, हे मळेवाल्यांचे भाकीत पुरते फसले. लिलावात केटीडीएचा चहा अनेक वर्षे मळ्यांच्या चहापेक्षा सरस भावाने जात राहिला. मोठ्या मळ्यात मजुरी वाचवण्यासाठी खुडणीच्या फेऱ्या लांबवाव्या लागत. घरच्या माणसांनी राखलेल्या अर्ध्या एकरावर ती गरज नव्हती.

झाडांच्या बाबतीतला बदल तर शेतकऱ्यांनी जवळजवळ आपल्या अंगावर घेतला. सुरुवातीची लागवड बियांपासून वाढवलेल्या खुंटांची होती. प्राधिकरणाच्या रोपवाटिकेत रोप दोन-तीन वर्षे वाढवायचे, वरून छाटून मुळासकट उपटायचे आणि शेतकऱ्याला उधारीवर द्यायचे. चहाचे बी परपरागणाने तयार होत असल्याने प्रत्येक झाडाचा गुण वेगळा निघे. एक झुडूप भरभरून कोंब देई, शेजारचे नुसतेच उभे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून याची जागा कलमांनी घेतली. पद्धत सोपी होती. निवडलेल्या झाडाच्या फांदीचा एक पान असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा कापायचा, मातीने भरलेल्या प्लास्टिकच्या नळीत खोचायचा, वर प्लास्टिक आणि सावली धरायची. सगळी झाडे मूळ झाडासारखीच निपजतात. केरिचोच्या संशोधन केंद्राने निवडलेले ६/८ हे वाण चवीसाठी नावाजले गेले आणि वाडी-वाडीत पसरले. हे तंत्र इतके लवकर का पसरले, याचे उत्तर त्याच्या स्वस्ताईत आहे. खुंट मोठे, जड आणि विकत घ्यावे लागणारे. कलमाला लागे ते शेजाऱ्याचे झाड, चाकू, प्लास्टिक आणि घरची मेहनत. रोपवाटिका परसात आली, आणि पाच-पन्नास झाडे मेली तर नांग्या भरायला पुन्हा कोणाच्या दारी जावे लागेना. १९६४ साली चहा लावणारे लहान शेतकरी विसेक हजार होते. १९८०च्या सुमारास ते लाखाच्या वर गेले होते.

खताची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. चहाचे पानच तोडले जाते, म्हणून त्याला नत्राची भूक मोठी. नत्र भरपूर आणि स्फुरद-पालाश थोडे असलेले मिश्रखत केटीडीए एकगठ्ठा खरेदी करी, ते गोण्यांनी केंद्रावर पोचवी आणि त्याची किंमत पाल्याच्या मासिक पैशांतून हप्त्याहप्त्याने कापून घेई. शेतकऱ्याला रोख मोजावी लागत नसे. वापर वाढला तो याच सोयीने. पण ज्या वर्षी बोनस घसरे किंवा खत उशिरा पोचे, त्या वर्षी चहासाठी उधारीने घेतलेले खत मक्याच्या पट्ट्यात पडते, कधी बाजारात विकलेही जाते, अशी तक्रार अधिकारी करत. ते याला बेशिस्त म्हणत. वास्तविक तोही हिशेबच होता. चहाचा बोनस वर्षाने येणार, मका चार-सहा महिन्यांत घरच्या भांड्यात येणार. तंत्र कळत नसते तर शेतकऱ्याने खत कोठेच टाकले नसते. खताचा गुण त्याला इतका पटला होता की जिथे परतावा लवकर आणि खात्रीचा, तिथे ते तो नेत होता.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. केटीडीएच्या शेतकऱ्याला दुसरीकडे पाला विकण्याची मुभाच नव्हती. लागवडीला परवाना, खुडणीवर तपासणी, नियम मोडला तर पाला परत. मग याला तंत्राचा स्वीकार म्हणायचे की आज्ञापालन? बारीक खुडणीपुरता हा आक्षेप मान्य करावा लागतो. सक्ती होती, आणि आणीबाणीच्या काळात जमिनी एकत्र करताना तर ती सरकारी बळावर होती. पहिले चहा शेतकरी गरिबांपैकी नव्हते, ते बहुधा जमीनवाले आणि सरकारशी जुळवून घेतलेले लोक होते. पण केवळ सक्तीने काय होते याचे उदाहरणही याच वसाहतीने देऊन ठेवले आहे. आणीबाणीच्या आधीच्या वर्षांत मध्य केनियात उतारांवर सक्तीने बांध-ताली घालून घेतल्या गेल्या, आणि लोकांनी, विशेषतः राबवल्या गेलेल्या बायकांनी, त्याविरुद्ध उठाव केला. त्या कामाचा फायदा पुढे कधीतरी दिसणार होता आणि मेहनत आज होती. चहाच्या बाबतीत मात्र नियमाबरोबर महिन्याचा पैसा होता. शिवाय परसातल्या कलमांची सक्ती कोणी केली नव्हती. नियमाने माणूस ओट्यावर पाला निवडतो. रात्री कंदील लावून शेजाऱ्याच्या झाडाची कलमे करायला स्वतःचा फायदा दिसावा लागतो.

दुसरा आक्षेप निसर्गाचा. विषुववृत्तावरची उंची, आम्ल लाल माती, वर्षभर विखुरलेला पाऊस, आसामसारखा हिवाळ्याचा खंड नाही. अशा जमिनीत चहा कोणीही पिकवील, त्यात व्यवस्थेचे कौतुक कशाला? या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या युगांडाने दिले. तिथलीही माती-पाऊस चहाला मानवणारा, तिथेही लहान शेतकऱ्यांसाठी सरकारी महामंडळ उभे राहिलेले, आणि खुडणी-छाटणीचे तेच तंत्र लोकांना ठाऊक. १९७२ साली देशाचे चहाचे उत्पादन तेवीस हजार टनांच्या आसपास पोचले होते. त्याच वर्षी हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना हाकलले आणि मळे, कारखाने, वाहतूक सारेच हळूहळू कोलमडले. पाला न्यायला ट्रक येईना, आला तर कारखान्याला इंधन नाही, पैसे मिळाले तर चलनाला किंमत नाही. १९८०पर्यंत उत्पादन दोन हजार टनांच्याही खाली घसरले. कमरेएवढी राखायची झुडपे छाटणीवाचून झाडे होऊन वाढली. लोकांचे ज्ञान आठ वर्षांत पुसले गेले नव्हते. ते वापरण्याचे कारण नाहीसे झाले होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून कारखाने पुन्हा सुरू होऊ लागले तशी तीच जुनी खोडे छाटून पुन्हा खुडणीखाली आली.

आता नाकारलेली तंत्रे पाहू, कारण आमच्या म्हणण्याची खरी परीक्षा तिथे आहे. साठ-सत्तर सालची पहिली बियाण्याची झाडे उपटून तिथे जास्त उत्पन्नाची नवी वाणे लावावीत, असे संशोधक कित्येक दशके सांगत आले आहेत. आकडे त्यांच्या बाजूने आहेत, तरी लहान शेतकरी जुने झाड सहसा उपटत नाही. अर्ध्या एकरावरची झाडे उपटली तर नवी भरात येईपर्यंत निदान तीन-चार वर्षे मासिक पैसे बंद, आणि त्या वर्षांसाठी उधारी देणारी व्यवस्था जवळजवळ नाही. मळ्याला हे जमते, कारण तो एका वेळी शंभरातला एक तुकडा उपटतो. दुसरे उदाहरण जांभळ्या चहाचे. पानात अँथोसायनिन हे जांभळे रंगद्रव्य भरपूर असलेले हे वाण केरिचोच्या संशोधकांनी दीर्घ प्रयत्नांनी तयार केले आणि २०११ साली शेतकऱ्यांसाठी खुले झाले. त्याला साध्या चहाच्या कितीतरी पट भाव येईल असे सांगितले गेले, आणि अनेकांनी उत्साहाने लागवडही केली. पण तो वेगळा घेणारे, वेगळा प्रक्रिया करणारे कारखाने मोजकेच. बहुतेकांचा जांभळा पाला हिरव्याच्याच भावाने गेला आणि उत्साह ओसरला. शेतकरी नव्याला बिचकतो म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण नीट तपासावे. इथे शेतकरी पुढे गेला होता, मागे राहिला तो बाजार.

खुडणीच्या यंत्राने प्रश्न आणखी तीव्र केला आहे. केरिचोच्या मोठ्या मळ्यांनी २०००नंतर यंत्रे आणली, त्यांवरून कामगार संघटनांशी कोर्टकज्जे झाले, आणि मे २०२३मध्ये तिथे जमावाने खुडणीयंत्रे जाळली. लहान शेतकऱ्यांत मात्र मुख्यतः हातखुडणीच टिकली आहे. यंत्र दोन पाने आणि कळी ओळखत नाही, आणि केटीडीएच्या चहाला मिळणारा जादा भाव नेमका त्या ओळखीचा आहे, हे एक कारण. दुसरे कारण घरातले आहे. यंत्राने वाचते ती मजुरी, आणि लहान शेतात ती मजुरी मोठ्या प्रमाणावर घरच्या बाईची, म्हणजे हिशेबात न धरलेली. जमिनीचा कागद पुरुषाच्या नावे, म्हणून पाल्याचे खाते आणि बोनसही त्याच्याच नावे. केरिचो भागातल्या अभ्यासकांनी १९९०च्या सुमारास नोंदवून ठेवले आहे की पैसे हाती येत नाहीत असे दिसल्यावर अनेक बायकांनी नवऱ्याच्या चहावरचा हात आखडता घेतला आणि स्वतःच्या भाजीपाल्याकडे वळवला. तेव्हा ‘शेतकरी तंत्र स्वीकारतो’ हे वाक्य अर्धवट आहे. घरात काटा कोणाच्या हातात आहे, हाही प्रश्न तंत्राचाच आहे.

शेवटचा आक्षेप असा की व्यवस्था इतकी चांगली होती तर तिच्याविरुद्ध एवढा असंतोष का? १९९०च्या दशकात पैसे रखडू लागले, कपाती वाढल्या, वजनात गोणीची आणि ओलाव्याची घट जास्त धरतात अशा तक्रारी गावोगाव होऊ लागल्या. २००० साली केटीडीएचे खासगीकरण होऊन कारखान्यांचे भाग शेतकऱ्यांच्या नावे झाले, तरी कुरबुरी थांबल्या नाहीत. रोख पैशासाठी पाला परस्पर खासगी खरेदीदाराला विकण्याचा ‘सोको हुरू’, म्हणजे मोकळा बाजार, फोफावला. २०२० साली संसदेला चहाचा नवा कायदा करावा लागला. हा असंतोष आमच्या म्हणण्याला बाधत नाही, उलट ते पक्के करतो. शेतकऱ्याला नवे तंत्र नको होते असे नाही. याच काळात खरेदी केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि वजनाची पावती छापून हाती मिळू लागली, तेव्हा त्याला शेतकऱ्यांकडून विरोध झाला नाही. त्यांचीच तर ती मागणी होती. सत्तर वर्षांतले बहुधा सर्वांत लोकप्रिय यंत्र झाड वाढवणारे नव्हते, वजन खरे सांगणारे होते.

म्हणून लहान शेतकऱ्यापर्यंत नवे ज्ञान नेऊ पाहणाऱ्यांनी केनियाच्या चहाकडे यशोगाथा म्हणून पाहू नये आणि सक्तीची कहाणी म्हणूनही पाहू नये. तिथे १९५७ ते १९८०च्या काळात जे घडले ते प्रचाराने घडले नाही. रस्ता, कारखाना, उधारी आणि वेळेवर पैसा या चार गोष्टी तंत्राच्या आधी किंवा निदान बरोबर पोचल्या. पुढे यांतली एकेक ढिली पडली तसतशी नवी वाणे आणि नव्या पद्धती अडखळल्या, संशोधन मात्र तेव्हाही चालू होते. हवामान बदलते आहे, दुष्काळ सोसणारी झाडे लावावीच लागणार आहेत, आणि त्यासाठी जुनी उपटावी लागणार आहेत. ती उपटली जातील की नाही हे संशोधन केंद्राच्या पत्रकावर ठरणार नाही. मधल्या तीन-चार वर्षांचे मासिक पैसे कोण देणार, याचे उत्तर ज्या दिवशी लेखी मिळेल, त्या दिवशी कुदळी बाहेर निघतील.